ट्रे सापडला, सेल नव्हता

संध्याकाळचे ७ वाजून १० मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण त्यानंतरचे दोन तास मी सतत घड्याळच बघत होते.

सोफ्याच्या पायाशी दिव्यांच्या पट्टीचा रिमोट पालथा पडला होता. टीव्हीच्या मागे आम्ही रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यांची पट्टी चिकटवली होती, तिच्यासोबत आलेला हा रिमोट. क्रेडिट कार्डापेक्षा जरा लहान, जरा जाड, वर चोवीस रंगीत बटणं. त्याच्या बुडातून सरकणारा काळा प्लॅस्टिकचा ट्रे बाहेर येऊन शेजारीच पडला होता. ट्रेमध्ये बटणासारखा चपटा सेल बसायची नाण्याएवढी गोल खाच होती आणि ती रिकामी होती.

धाकटी तेव्हा एकोणीस महिन्यांची होती. ती तिथेच बसली होती. रडत नव्हती, गुदमरत नव्हती, चेहरा निळा पडला नव्हता. लाळ गळत होती, पण दात येत होते आणि लाळ तर दोन दिवस गळतच होती. मी पाण्याचा कप तिच्या तोंडाशी नेला. एक घोट घेतला तिने, तोंड वाकडं केलं आणि पाणी बाहेर सोडलं. एरवी कप हिसकावून घेणारी पोर ती. दुसऱ्यांदा कप पुढे केला तर मान फिरवली.

मी सोफा सरकवला. गालिचा उचलला. खेळण्यांची टोपली उलटी केली, टॉर्च घेऊन कपाटाखाली बघितलं. यात पाच-सहा मिनिटं गेली, आणि ती मिनिटं मला अजून सलतात. सेल जागेवर नाही आणि मूल शेजारी आहे, एवढं दिसलं की शोधत बसायचं नसतं. घरी मागे राहिलेल्या माणसाने शोधावं. मूल मात्र तोवर रुग्णालयाच्या वाटेवर असलं पाहिजे. सेल नंतर सोफ्याखाली सापडला तर चांगलंच, एक एक्स-रे जास्तीचा निघेल, बाकी काही बिघडत नाही.

सासूबाई धावत बाहेर आल्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, काहीतरी घट्ट खायला दे, खाली उतरेल." शेजारच्या काकू दारात आल्या, त्या म्हणाल्या, घशात बोट घालून उलटी करव. दोघीही जिवाच्या आकांताने सांगत होत्या. माझा हात धाकटीच्या तोंडाकडे गेलाही होता. तेवढ्यात नवऱ्याने आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "सेलचा नंबर काय आहे? रिमोटच्या मागे बघा." मागच्या बाजूला बारीक उठावदार अक्षरं होती. मी वाचलं, सीआर२०२५, ३ व्होल्ट. क्षणभर पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते भराभर बोलले. "वर्षाच्या वर आहे ना ती? लाळ तरी गिळतेय? घरात मध हाताशी असेल तर दोन चमचे द्या, दहा मिनिटांनी पुन्हा दोन, रुग्णालयात पोहोचेपर्यंत. हाताशी नसेल तर त्यासाठी थांबू नका. दुसरं काहीही पोटात जायला नको, खाणं नाही, दूध नाही. उलटी अजिबात करवू नका. आणि जवळच्या दवाखान्यात जाऊ नका, जिथे लहान मुलांना रात्री भूल देऊन दुर्बीण घालता येते तिथेच जा. मी तिथे फोन करतो. रिमोट सोबत घ्या."

या सगळ्यामागचं कारण मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. सांगितलं तसं केलं, इतकंच. आज कारणं माहीत आहेत, म्हणून ती इथेच सांगते. घाईच्या वेळी कारण माहीत असलं की हात चुकीकडे जात नाही.

मी समजत होते की सेल फुटतो, त्यातलं रसायन गळतं आणि ते विषारी असतं. तसं नसतं. या नाण्यासारख्या लिथियम सेलने जी इजा होते ती न फुटता, न गळता होते. सेलची एक बाजू ऋण, दुसरी धन. अन्ननलिका ओली असते, तिच्या भिंती सेलला दोन्ही बाजूंनी चिकटतात, आणि सर्किट पूर्ण होतं. वीज वाहायला लागते. ऋण बाजूला पाण्याचं विघटन होऊन तीव्र अल्क तयार होतो, गटारी साफ करायला वापरतात त्या कॉस्टिक सोड्याच्या जातीचा. तो मांस विरघळवतो. दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि सेल काढेपर्यंत ती खोल जात राहते. नाणं गिळलं तर डॉक्टर काही वेळा वाट बघतात. अन्ननलिकेत अडकलेल्या सेलसाठी वाट बघणं नसतं.

मध घट्ट असतो आणि किंचित आम्लधर्मी असतो. तो सेलभोवती लपेटला जातो आणि तयार होणाऱ्या अल्काचा जोर थोडा मारतो. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं, आणि तेव्हापासून तिथल्या विषबाधा केंद्राच्या सूचनांमध्ये मध आला. अटी मात्र आहेत. मूल एक वर्षापेक्षा लहान असेल तर मध द्यायचा नाही, कारण मधामुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम नावाचा वेगळाच जीवघेणा आजार होऊ शकतो. मुलाला गिळता येत नसेल तर द्यायचा नाही. सेल गिळून बारा तास उलटले असतील तरी नाही, कारण तोवर नलिकेला भोक पडलेलं असू शकतं. वेळ दहा-दहा मिनिटांची, एका वेळी १० मिलिलिटर, जास्तीत जास्त सहा वेळा. आणि मधाने सेल निघत नाही. इजा जरा सावकाश होते, तेवढंच.

गाडीत मी धाकटीला मांडीवर घेऊन चमच्याने मध चाटवत होते. पहिला चमचा तिने घेतला, दुसरा अर्धा सांडला. तिच्या फ्रॉकवर, माझ्या हातावर सगळीकडे चिकट. मोठा मागच्या सीटवर होता, सात वर्षांचा. एक शब्द बोलत नव्हता.

रुग्णालयाच्या खिडकीवर अर्ज भरायला सांगितला. नाव, वय, पत्ता, पूर्वीचे आजार. पुढे चार माणसं होती. मूल हसतंय, बघतंय, रक्त नाही, ताप नाही. खिडकीतल्या माणसाला ती घाईची केस का वाटावी? मी तिथेच मोठ्याने म्हणाले, "हिने बटण सेल गिळलाय, लिथियमचा, वीस मिलिमीटरचा." आतल्या एका सिस्टरने ते ऐकलं आणि अर्ज बाजूला ठेवून आम्हाला सरळ एक्स-रेला नेलं. "काहीतरी गिळलंय" आणि "लिथियमचा सेल गिळलाय" या दोन वाक्यांत किती मिनिटांचा फरक पडतो ते मी तिथे बघितलं. नंबर माहीत होता म्हणून मला दुसरं वाक्य बोलता आलं. सीआर म्हणजे लिथियमचा गोल सेल, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, आणि शेवटचे २५ म्हणजे जाडी अडीच मिलिमीटर. तो वीसचा आकडाच घातक. अकरा-बारा मिलिमीटरचे छोटे सेल बहुतेक वेळा खाली पोटात उतरतात (अडकले तर तेही भाजतात), पण वीसचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत वरच्या अरुंद जागीच बसतो.

पहिला एक्स-रे पडद्यावर आला. मानेच्या खाली, गळपट्टीच्या हाडांच्या मध्ये एक पांढरीशुभ्र गोल चकती. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "नाणं दिसतंय." मी रिमोट पुढे केला. तेवढ्यात वरिष्ठ डॉक्टर आले, त्यांनी चित्र मोठं केलं आणि चकतीच्या कडेवर बोट ठेवलं. कडेला लागूनच आत दुसरं एक वर्तुळ होतं, फिकट. "नाण्याला एकच कड असते. ही दुहेरी आहे." मग बाजूने काढलेला एक्स-रे. त्यात ती चकती आडवी, पातळ दिसत होती, आणि तिच्या एका अंगाला बारीकशी पायरी होती. सेलची ऋण बाजू धन बाजूपेक्षा किंचित लहान असते, ती ही पायरी. पायरी ज्या बाजूला तिकडे जास्त भाजणार. आमच्या मुलीच्या बाबतीत ती पुढच्या बाजूला होती, म्हणजे श्वासनलिकेकडे.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञ बाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं. ८ वाजून २५ मिनिटं.

रिमोट साडेसहाला चालू होता हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, कारण मोठ्याने तेव्हा दिवे लावले होते. म्हणजे फार तर दोन तास. की कमी? मी तिथे बसून उलटसुलट वजाबाक्या करत राहिले. त्याच वेळी मोठ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, मी रिमोट सोफ्यावरून टाकला होता. तेव्हा तो उघडला का?"

त्याला मी जवळ घेतलं. काय बोलले ते नीट आठवत नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर फार शोधावं लागलं, आणि ते असं आहे: सात वर्षांच्या मुलाच्या हातून रिमोट पडणारच. ज्या वस्तूला घरात दिवसातून दहादा हात लागतात ती पडल्यावर उघडू नये, ही जबाबदारी बनवणाऱ्याची. त्या ट्रेला एक बारीक स्क्रू असता तर त्या संध्याकाळी आम्ही घरीच असतो.

९ वाजून पाच मिनिटांनी सर्जन बाहेर आले. हातात झाकणाची छोटी प्लॅस्टिकची डबी होती. "निघाला." डबीत सेल होता. वरची बाजू जवळपास तशीच चकचकीत, अक्षरंसुद्धा वाचता येत होती. त्यांनी डबी तिरकी केली, सेल उलटला. खालची बाजू काळी पडली होती, आणि काठाला काळसर पापुद्रे चिकटलेले होते.

त्यांनी एका कागदाच्या मागे दोन नळ्या काढून दाखवल्या, एक श्वासाची, एक अन्नाची, एकमेकींना टेकलेल्या. चिमट्याने सेल काढल्यावर जखमेवर अ‍ॅसेटिक आम्लाचं अगदी पातळ, निर्जंतुक द्रावण सोडून धुतलं होतं, कारण सेल निघाला तरी अल्क तिथेच उरतो आणि काम करत राहतो. जखम अन्ननलिकेच्या पुढच्या भिंतीवर होती, खोल होती, आरपार नव्हती. "आज बरं दिसतंय. पण खरी परीक्षा पुढच्या काही आठवड्यांत," ते म्हणाले.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सेल निघाला की संपलं, असं घरच्यांना वाटतं. आम्हालाही वाटलं, नातेवाइकांना तर आनंदाचे फोनही करून झाले. पण मेलेला पेशींचा थर पुढे काही दिवसांनी गळून पडतो, आणि त्या जागी अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यात भोक पडू शकतं. क्वचित जखम शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. बरं दिसणारं मूल दोन-तीन आठवड्यांनी अचानक रक्त ओकतं, ते यामुळे. म्हणून सर्जननी आम्हाला खुणा पाठ करून घ्यायला लावल्या: उलटीत किंवा थुंकीत रक्ताचा ठिपका जरी दिसला, शी डांबरासारखी काळी झाली, दूध पिताना ठसका लागायला लागला, आवाज घोगरा झाला, ताप आला, की रात्र असो की पहाट, तिथेच यायचं. थोडंसंच रक्त आहे, थांबलंय, उद्या बघू, असं करायचं नाही. पहिलं थोडं रक्त ही बऱ्याचदा मोठ्या रक्तस्रावाची वर्दी असते.

नऊ दिवस आम्ही रुग्णालयात होतो. नाकातून पोटात नळी, तिच्यातून दूध. ती नळी ओढू नये म्हणून तिच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे तिला हात वाकवता येत नव्हते. ती तोंडाकडे हात नेऊन "मम्, मम्" करायची आणि हात पोहोचायचाच नाही. सातव्या दिवशी एक्स-रेत दिसणारं औषध पाजून तपासणी केली. पडद्यावर पांढरी रेघ घशातून सरळ खाली उतरली, कुठेही बाजूला गेली नाही. पाहणारे डॉक्टर म्हणाले, "गळती नाही." मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

पुढे सहा आठवड्यांनी तिला घट्ट अन्न गिळताना अडायला लागलं. जखम भरताना नलिका आवळली होती. पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण, फुग्याने जागा रुंद केली. त्यानंतर ठीक आहे.

घरी परतल्यावर मी ज्याला घराची झडती म्हणते ते सुरू झालं. चार संध्याकाळी लागल्या. नवऱ्याचं मत होतं, दिव्यांचा रिमोट फेकला, झालं. मलाही वाटलं की एखाद-दुसरी वस्तू निघेल. अकरा वस्तूंमध्ये मिळून सतरा सेल निघाले, त्याशिवाय ड्रॉवरमध्ये सुटे पाच.

वजनकाट्याच्या खालचं झाकण नखाने उघडलं. गाडीच्या किल्लीचं कवच बोटांच्या जोराने दोन भागांत सुटलं, आणि हीच किल्ली मी धाकटीला कपडे चढवताना खेळायला द्यायचे. ज्योतीसारखे लुकलुकणारे प्लॅस्टिकचे दिवे होते सहा. त्यांना स्क्रू होते खरे, पण दोन दिव्यांचे स्क्रू नुसते घुमत होते, आट्या गेलेल्या. मोठ्याच्या वाढदिवसाला कुणीतरी दिलेलं, उघडलं की गाणं वाजणारं कार्ड. त्याचा कागदी खिसा फाडला तर आत तीन छोटे सेल एकावर एक, कसलंही झाकण नाही, नुसत्या कागदामागे. दोन वर्षं ते खेळण्यांच्या टोपलीत होतं.

गंमत नव्हे, दुःख याचं की मुलांची जी खरी खेळणी होती ती सगळी ठीक निघाली. खेळण्यांच्या सेलचं झाकण हत्याराशिवाय उघडू नये असा दंडक खेळण्यांच्या सुरक्षा-मानकांत बऱ्याच आधीपासून आहे. रिमोट, काटे, दिवे, कार्डं ही 'मोठ्यांची' म्हणून त्यातून सुटत आली. नाण्याच्या आकाराच्या सेलसाठी, ते वापरणाऱ्या सगळ्याच वस्तूंसाठी, सक्तीचे नियम पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये लागू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत 'रीसचा कायदा' झाला. रीस ही टेक्सासमधली दीड वर्षाची मुलगी. तिनेही रिमोटमधला सेल गिळला होता, आधी तो श्वासाचा साधा आजार वाटला, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती गेली. कायद्यासाठी तिची आई झगडली. मी ते वाचलं तेव्हा धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली होती, पुढचं त्या दिवशी वाचता आलं नाही. आता तिथे सेलचं झाकण हत्याराशिवाय किंवा एकाच वेळी दोन निरनिराळ्या हालचाली केल्याशिवाय उघडता कामा नये. पण जुन्या वस्तू घराघरांत आहेत, आणि कुठून तरी मागवलेल्या बिननावाच्या वस्तूंना कोण विचारतो?

झडतीत सगळ्यात धक्का बसला तो सासूबाईंच्या खोलीत. त्यांच्या श्रवणयंत्राचे सेल आठवड्याला बदलतात. काढलेला जुना सेल त्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवायच्या, नंतर टाकू म्हणून. रंगाने, आकाराने अगदी गोळीसारखा. म्हाताऱ्या माणसांनी औषधाच्या गोळीसोबत असा सेल गिळल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण तो तर संपलेला असतो गं."

हाच समज सगळ्यांचा असतो. आमच्या रिमोटलाही बटण दोनदा दाबावं लागायचं, सेल उतरत आला होता. सर्जनना मी तेच विचारलं होतं. पाण्याचं विघटन व्हायला साधारण १.२ व्होल्ट पुरतात. ३ व्होल्टचा लिथियम सेल उपकरण चालवेनासा होतो तेव्हाही त्यात सहसा याहून बरंच जास्त उरलेलं असतं. उपकरणाच्या दृष्टीने मेलेला सेल अन्ननलिकेच्या दृष्टीने जिवंतच असतो.

सासूबाईंना हे शब्दांनी पटत नव्हतं, आणि मोठ्यालाही खरं काय झालं ते बघायचं होतं. म्हणून धाकटी झोपल्यावर एका रात्री टेबलावर आम्ही प्रयोग केला. टिपकागदाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला होता. शाळेत अल्क ओळखायला करतात तोच. त्यावर मिठाचं पाणी शिंपडून वजनकाट्यातला संपलेला सेल ऋण बाजू खाली करून ठेवला. पहिल्या मिनिटात काठाशी बारीक बुडबुडे आले, कान लावला तर चुरचुर ऐकू येत होती. मग सेलच्या भोवती पिवळा रंग लालसर-तपकिरी व्हायला लागला, आणि ते कडं रुंदावत गेलं. दहा मिनिटांनी मोठ्याने चिमट्याने सेल उचलला. खाली विटकरी लाल गोल उमटला होता. सासूबाई चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होत्या. त्या रात्रीपासून त्यांचा जुना सेल यंत्रातून निघाला की सरळ माझ्या हातात येतो.

मी काय करते, तर काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंवर लगेच चिकटपट्टी लावते, झाकण घट्ट असलेल्या बरणीत टाकते आणि बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर. चिकटपट्टीमुळे सेल एकमेकांना टेकून तापत नाहीत, आणि चुकून हाती लागलाच तर तो चमकत नाही, मुलाला तो हवासा वाटत नाही. बरणी भरली की ई-कचऱ्यात. कचऱ्याच्या डब्यात नाही, कारण धाकटीला डबा उपसता येतो. नवे सेल पाकिटातून एका वेळी एकच काढायचा. कात्रीने अख्खं पाकीट कापून सुटे सेल ड्रॉवरमध्ये टाकायची सवय मोडली. ज्या वस्तूंना स्क्रू नाही त्यातल्या पाच टाकल्या. काट्याला आणि किल्लीला मजबूत टेप गुंडाळली आणि दोन्ही उंचावर गेल्या. टेप हा तात्पुरता बंदोबस्त आहे हे मला कळतं, ती सैल होते. म्हणून दर महिन्याला एकदा फेरी होते, पेचकस घेऊन, आणि प्रत्येक झाकण अंगठ्याने रेटून बघितलं जातं.

आणखी दोन गोष्टी वॉर्डात शेजारच्या खाटांवरून कळल्या, त्याही सांगते. एका मुलाने सेल नाकात घातला होता. नाक वाहतंय म्हणून घरच्यांनी दोन दिवस थेंब घातले, आणि थेंबांच्या ओलाव्याने सेलला आणखी बळ मिळालं. नाकात किंवा कानात काही गेल्याची शंका असेल तर थेंब घालायचे नाहीत, तेसुद्धा तातडीचंच. दुसरी, ते मण्यांसारखे ताकदवान चुंबक. एक गिळला तर बहुधा निघून जातो, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये चिमटून धरतात आणि भोक पाडतात. शेजारच्या खाटेवरच्या एका मुलीने ते गिळले होते, तिचं पोट उघडावं लागलं होतं.

धाकटीचा जन्म झाल्यापासून आम्ही किती काळजी घेत होतो! प्लगच्या भोकांना टोप्या, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, मोबाईल तिच्या हाती लागू नये म्हणून दोघांची भांडणं. तिने स्क्रीन बघू नये म्हणून मीच कितीदा तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि रडू नये म्हणून त्या बदल्यात तोच चोवीस रंगीत बटणांचा रिमोट दिला. तो निरुपद्रवी वाटायचा. त्याच्या मागे काय आहे हे मी एकदाही उलटून बघितलं नव्हतं.

मोठा आता नऊ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात आम्ही ओळखीच्यांकडे गेलो होतो, त्यांचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय. आम्ही बोलत बसलो होतो. जरा वेळाने मोठा आतल्या खोलीतून आला. एका हातात पंख्याचा पातळ रिमोट, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. त्याने बाळाच्या आईसमोर मूठ उघडली, तळहातावर चकचकीत सेल होता.

"मावशी, हा नखानेच निघाला," तो म्हणाला. "तुमच्याकडे टेप आहे का?"